मुक्कामाच्या गाडीवरील घडीचें सौर पॅनेल

शेत एके ठिकाणीं आणि घर दुसरे ठिकाणीं, अशी स्थिति आपल्यापैकीं पुष्कळांची आहे. वांटण्या होत होत जमिनीचे तुकडे पडले. एक तुकडा गांवालगत, तर दुसरा दोन-तीन कोसांवर. द्राक्षें उतरावयाचीं असोत कीं कांदा काढावयाचा असो, त्या आठ-पंधरा दिवसांत धन्यानें शेतावर वस्ती केली नाहीं तर मालाला पाय फुटतात. ज्येष्ठ वद्यांत आळंदीहून पालखी निघाली म्हणजे आषाढी एकादशीपर्यंत दिंडीबरोबर गाडी न्यावी लागते, ती निराळीच. अशा कामांसाठीं लहान मालमोटारीच्या हौद्यावर पत्र्याचें छत चढवून, आंत फळ्यांचीं बाकें घालून, तिची मुक्कामाची गाडी करण्याची चाल अलीकडे वाढत आहे. परदेशांत अशाच गाडीस कॅम्पर व्हॅन म्हणतात.

या गाडींत पहिली अडचण येते ती दिव्यापंख्याची. मोटारीच्याच बॅटरीवर रात्रभर पंखा लावला तर सकाळीं मोटार सुरू होत नाहीं, आणि भरल्या मालासह धनी रस्त्यांत बसतो. म्हणून निराळी बॅटरी व ती भरण्यासाठीं छतावर सौर पॅनेल, असा विचार मनांत येतो. छताची जागा अपुरी, म्हणून एखादें पॅनेल घडीचें करून मुक्कामीं उघडावें, हा पुढचा विचार. विचार दोन्ही चांगले आहेत. परंतु आम्हीं ते अमलांत आणतांना जी चूक केली ती इतरांनीं करूं नये, या हेतूनें हा लेख लिहीत आहों. आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, अशा जोडणीचा हिशेब खर्चाच्या बाजूनें धरावा आणि बांधणी वाऱ्याच्या बाजूनें धरावी.

आधीं खर्चाचा तक्ता

बहुतेक लोक प्रथम दुकानांत जाऊन "किती वॅटचें पॅनेल घेऊं?" असें विचारतात. हें म्हणजे घरांत खाणारीं तोंडें किती तें न मोजतां धान्याचीं पोतीं भरण्यासारखें आहे. आम्हीं आयुष्य महसुलाच्या दप्तरांत घालविलें, म्हणून जमेपूर्वीं खर्च लिहिण्याची सवय आहे. चार माणसांच्या मुक्कामाचा एका दिवसाचा आमचा तक्ता असा होता. वॅटला तासांनीं गुणिलें म्हणजे वॅट-तास येतात. असे १००० वॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलांतील एक युनिट.

दोन दिवे, प्रत्येकीं ९ वॅट, ५ तास — ९० वॅट-तास
दोन पंखे (१२ व्होल्टचे), प्रत्येकीं २५ वॅट, ८ तास — ४०० वॅट-तास
चार मोबाईल — ६० वॅट-तास
पाण्याचा लहान पंप, ४० वॅट, अर्धा तास — २० वॅट-तास
विजेरी व किरकोळ — ३० वॅट-तास
एकूण — ६०० वॅट-तास

या तक्त्यांत एक गोष्ट दिसून येते. खर्चाचे दोन-तृतीयांश एकट्या पंख्यांचे आहेत, दिव्यांचे नाहींत. म्हणून दिवा लवकर मालवून फारसें साधत नाहीं. पंखा मात्र कमी विजेचा निवडला पाहिजे. घरचा साधा छतपंखा सुमारें ७० ते ७५ वॅट ओढतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे १२ व्होल्टच्या लहान पंख्याचें महत्त्व पटेल.

कित्येकांस गाडींत लहान शीतपेटी हवी असते. ती ४५ वॅटची असून उन्हाळ्यांत निम्मा वेळ चालली, तरी दिवसास ५४० वॅट-तास खाते, म्हणजे सर्व खर्च जवळजवळ दुप्पट होतो. थंड पाण्यासाठीं एवढा भार घेण्याचें कारण नाहीं. त्या कामास माठ पुरे आहे. घरांत कोणास इन्शुलिन लागत असेल, किंवा जनावरांची लस जवळ ठेवावयाची असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हां पुढील सर्व आंकडे दुप्पट धरून चालावें.

उन्हाचें उत्पन्न

उन्हापासून वीज करण्याची कला फार जुनी नाहीं. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट तयार झाला. तो उन्हाच्या शंभर भागांपैकीं सुमारें सहा भाग विजेंत आणी. आज बाजारांत मिळणारीं पॅनेलें पंधरा ते बावीस भाग आणतात.

पॅनेलच्या पाठीवर "१०० वॅट" असें लिहिलेलें असतें, तें प्रयोगशाळेंतील माप होय. दर चौरस मीटरवर १००० वॅट ऊन पडत असून पॅनेलच्या आंतील घट २५ अंशांवर थंड असतील, तेव्हांच तेवढी वीज मिळते. आपल्या चैत्र-वैशाखांत पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतें. २५ अंशांच्या वर दर अंशास सुमारें ०.४ टक्का वीज घटते. म्हणजे ४० अंशांच्या वाढीनें सोळा टक्के तूट येते. त्यांत धूळ, वायर व बॅटरी यांची तूट मिळवावी. या सर्वांसाठीं शंभरांत तीस वजा धरावे. हें वजावटीचें कलम लिहावयाचें राहिलें कीं पुढील सर्व हिशेब फसतो.

आतां दिवसाचें सर्व ऊन एकत्र करून तें पूर्ण तेजाच्या किती तासांइतकें भरतें तें पाहूं. आपल्या देशावर तें एप्रिल-मे महिन्यांत सुमारें ६ तास, हिवाळ्यांत सुमारें साडेचार, आणि आषाढ-श्रावणांत सुमारें साडेतीन तास भरतें. कोंकणांत व घाटमाथ्यावर पावसाळ्यांत त्याहूनही कमी. त्यावरून १०० वॅटच्या एका पॅनेलचें दिवसाचें निव्वळ उत्पन्न असें येतें: उन्हाळ्यांत ४२० वॅट-तास, हिवाळ्यांत ३१५, आषाढांत २४५.

आमचा खर्च ६०० चा. उन्हाळ्यांत दोन पॅनेलें ८४० देतात, पुरून उरतात. हिवाळ्यांत ६३० देतात. बेताचें जमतें, आणि तेव्हां पंखेही बंद असतात. आषाढांत मात्र दोघांचे ४९० होतात व तूट येते. तिसरें जोडलें म्हणजे ७३५ होऊन तूट भरून निघते. म्हणून आम्हीं छतावर दोन पॅनेलें कायमचीं बसविलीं आणि तिसरें घडीचें केलें. छतावर हवेचा झरोका व पाण्याची टांकी यांसाठीं जागा सोडल्यावर तिसऱ्यास तेथें ठाव नव्हता.

घडीचे तीन प्रकार

पहिला प्रकार खणाचा. छतावरील पॅनेलखालीं दुसरें पॅनेल कपाटाच्या खणाप्रमाणें सरकवून ठेवावयाचें व मुक्कामीं बाहेर ओढावयाचें. तें पावसापाण्यांत सुरक्षित राहतें. परंतु सरकपट्ट्या मजबूत व महाग लागतात, आणि आपल्या वाटांची धूळ त्यांत बसून खण अडतो.

दुसरा प्रकार सुटा. दोन पॅनेलें पुस्तकाप्रमाणें बिजागरीनें जोडून लांब वायरीनें जमिनीवर मांडावयाचीं. याचा मोठा गुण असा कीं, गाडी चिंचेच्या सावलींत आणि पॅनेल उन्हांत, असें जमतें. परंतु त्याला राखण लागते. चोर नेतात व जनावरें लाथाडतात. ज्यांचा मुक्काम नेहमीं आपल्याच बागेंतील झाडाखालीं असतो त्यांनीं हाच प्रकार घ्यावा.

तिसरा प्रकार फाळक्याचा. ट्रॉलीच्या फाळक्यास खालून बिजागरी असते व तो खालीं पडतो. येथें बिजागरी वरच्या कडेस असून पॅनेल वर उचललें जातें. प्रवासांत तें गाडीच्या बाजूस उभें टेकून राहतें, आणि मुक्कामीं उघडलें म्हणजे त्याखालीं बसावयास सावलीही मिळते. दिंडींत रोज नवा तळ पडतो, तेथें हाच प्रकार सोयीचा, म्हणून आम्हीं तो निवडला.

पॅनेलचा कल

घडीच्या पॅनेलचा खरा लाभ हिवाळ्यांत कळतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. डिसेंबर २१ च्या सुमारास तेथें भर दुपारींही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशच वर येतो. तेव्हां छतावर सपाट पडलेल्या पॅनेलवर दुपारच्या उन्हाचे शंभरांपैकीं ७४ भागच लागतात. तेंच पॅनेल दक्षिणेकडे ४२ अंश कललेलें असेल तर पुरे शंभर लागतात. मे महिन्यांत सूर्य डोक्यावर येतो, तेव्हां सपाट ठेवणेंच योग्य. आषाढांत ढग असतां उजेड साऱ्या आकाशांतून येतो. तेव्हांही सपाटच ठेवावें.

म्हणून टेकूच्या नळीस तीन भोकें पाडावीं: एक सपाट ठेवण्याचें, दुसरें सुमारें २० अंशांचें, तिसरें ४० अंशांचें. घडीचें पॅनेल वरच्या कडेस टांगलेलें असल्यामुळें, गाडीची ती बाजू दक्षिणेस करून लावली कीं कल आपोआप दक्षिणेकडे येतो. अंश मोजण्याचें यंत्र नसलें तरी चालतें. पॅनेलच्या चौकटीवर एक लहान खिळा काटकोनांत उभा धरावा. ज्या कलास त्याची सावली नाहींशी होते, त्या वेळीं पॅनेल सूर्यासमोर आहे असें समजावें.

वाऱ्याचा हिशेब

येथें आमची चूक सांगणें प्राप्त आहे. पहिल्या वर्षीं आम्हीं बिजागरी छताच्या नुसत्या पत्र्यास स्क्रूनें बसविली आणि टेकू पॅनेलखालीं नुसते उभे केले. खिळ घातली नाहीं. वैशाखांतील एके दुपारीं बागेंत मुक्काम होता. पॅनेलच्या सावलींत मंडळी जेवलीं व उठून पाटाकडे हात धुण्यास गेलीं. इतक्यांत वळवाचा वारा सुटला. त्यानें पॅनेल खालून उचललें. टेकू पडले, स्क्रू पत्र्यांतून उपटून आले, आणि पॅनेल उलटें होऊन छतावर आपटलें. तें फुटलें व छतावरील एकही फुटलें. जेथें पंगत बसली होती तेथें कांचा व लोखंडी टेकू पडले होते. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता. आम्हीं उन्हाचा हिशेब केला होता, वाऱ्याचा केला नव्हता.

तो हिशेब कठीण नाहीं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा जोर चौपट होतो. १०० वॅटचें पॅनेल सुमारें ०.६ चौरस मीटर असतें व सात किलोंच्या आसपास भरतें. तासास ४० किलोमीटरचा वारा त्यावर समोरून लागला तर सुमारें साडेपांच किलोंचा रेटा बसतो. ८० किलोमीटरच्या वाऱ्यानें बावीस किलोंचा. म्हणजे वळवाच्या झोतापुढें पॅनेलचें स्वतःचें वजन तुटपुंजें ठरतें. शिवाय वारा एकसारखा रेटीत नाहीं. तो हिसके देतो, आणि हिसक्यानेंच स्क्रू सैल होतात.

दुसऱ्या वेळीं आम्हीं जी बांधणी केली ती येणेंप्रमाणें.

बिजागरी पॅनेलच्या पूर्ण लांबीची, न गंजणाऱ्या पोलादाची घ्यावी. ती स्क्रूनें न बसवितां आरपार बोल्टनें बसवावी; निदान सहा बोल्ट घालावे. छताच्या आंतील बाजूस चाळीस मिलिमीटर रुंदीची लोखंडी पट्टी लावून बोल्ट तिच्यांतून काढावे, म्हणजे ओढ एका भोकावर न येतां साऱ्या पट्टीवर वांटली जाते. बोल्टखालीं रबराची चकती घालावी, नाहींतर पावसाळ्यांत गळती लागते. पॅनेलच्या चौकटीस कारखान्यांतून आलेलीं भोकें असतात, तींच वापरावीं. नवीं पाडतांना कांच तडकते.

टेकू दोन असावे, एकांत एक सरकणाऱ्या नळ्यांचे. वरचें टोंक चौकटीस व खालचें गाडीच्या बाजूस बोल्टनें कायम जोडलेलें असावें, म्हणजे ते वर उचललें जाण्यासही अडवितात. नळींतील खिळ तारेनें अडकवावी. याशिवाय बाहेरच्या दोन कोपऱ्यांस दोर बांधून जमिनींत मेखा ठोकाव्या.

प्रवासासाठीं खालच्या कडेस दोन निरनिराळ्या कड्या हव्या. एक सुटली तरी दुसरी धरील. रस्त्यावर उघडलेलें पॅनेल शेजारून जाणाऱ्या सायकलस्वाराच्या मानेच्या उंचीस येतें, हें कोणीं विसरूं नये. यासाठीं आम्हीं एक युक्ति केली आहे. पॅनेल उघडतांना जी खिळ टेकूंत घालावयाची तिला मोटारीची किल्ली बांधून ठेवतों. खिळ काढून पॅनेल मिटल्याखेरीज किल्ली हातीं येत नाहीं, आणि किल्लीवांचून गाडी हलत नाहीं.

पॅनेल केव्हां मिटावें, याचाही नियम करावा. पानें हलतात तोंपर्यंत चिंता नाहीं. लहान फांद्या हलूं लागल्या कीं मिटावें. गाडीपाशीं कोणी नसेल तेव्हां, व रात्रीं झोपतांना, तें मिटलेलेंच असावें. रात्रीं त्यापासून लाभ कांहींच नाहीं, धोका मात्र पुरा.

जोडणी

१०० वॅटच्या पॅनेलमध्यें सामान्यतः ३६ घट एकामागें एक माळेप्रमाणें जोडलेले असतात. एका घटावर सावली पडली तर माळ अडते. अशा पॅनेलांत बहुधा दोन पर्यायी वाटा ठेवलेल्या असतात, त्यामुळें सर्व वीज न जातां सुमारें निम्मी जाते. तरी एका वाळक्या पानानें निम्में उत्पन्न बुडावें, ही थोडी हानि नव्हे. छतावर सामान बांधण्याचा दोरही पॅनेलवर सावली पाडणार नाहीं असा न्यावा.

घडीचें पॅनेल आणि छतावरचीं पॅनेलें यांचा कल निरनिराळा असतो. म्हणून तीं एका माळेंत जोडूं नयेत. तिन्हींच्या धन वायरी एकत्र व ऋण वायरी एकत्र, अशीं समांतर जोडावीं, म्हणजे एकाच्या सावलीनें दुसरें अडत नाहीं. तीन पॅनेलें समांतर असलीं कीं प्रत्येकाच्या धन वायरींत १० अँपिअरचा निराळा फ्यूज घालावा. नाहींतर एक बिघडल्यास इतर दोघांची वीज त्यांत शिरून तें तापतें.

पॅनेल व बॅटरी यांमध्यें चार्ज कंट्रोलर हवा. तीन पॅनेलांस एमपीपीटी प्रकारचा ३० अँपिअरचा घ्यावा. वायर बारीक घेऊन काटकसर करूं नये. तिन्ही पॅनेलें मिळून सुमारें साडेसोळा अँपिअर देतात. चार मीटर अंतरावर अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली तर शंभरांतील पांच भाग वायरींतच जिरतात. सहा चौरस मिलिमीटरची घातली तर दोनच. बिजागरीपाशीं वायरीस सैल वेढा ठेवावा, म्हणजे रोजच्या उघडझांपीनें ती तुटत नाहीं.

बॅटरी लिथियम-लोह-फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट व १०० अँपिअर-तासांची घेतली तर तींत १२८० वॅट-तास मावतात. पांचांतील चार भाग वापरले तरी ऊन नसतां दीड रात्रीहून अधिक चालते, आणि वजन बारा किलोंच्या आसपास असतें. शिसें-आम्लाची बॅटरी स्वस्त पडते. परंतु ती निम्म्याहून अधिक रिती करूं नये, वजनास चौपट-पांचपट असते, आणि भरतांना पेट घेणारा हायड्रोजन वायु सोडते. ती माणसें निजतात त्या भागांत ठेवूं नये. कोणतीही बॅटरी असो, तिच्या धन टोंकालगतच फ्यूज असावा. ३० अँपिअरच्या कंट्रोलरसाठीं ४० अँपिअरचा, व तेथें वायर दहा चौरस मिलिमीटरची. बॅटरी तापलेल्या पत्र्यास लागून नसावी आणि शेगडीपासून दूर असावी.

जोडतांना क्रम पाळावा. आधीं बॅटरी कंट्रोलरास जोडावी, मग पॅनेल. सोडतांना आधीं पॅनेल, मग बॅटरी. पॅनेलवर उजेड आहे तोंवर त्याच्या टोंकांत वीज आहेच. तिला बटण नाहीं. म्हणून काम चालूं असतां त्यावर जाड घोंगडें टाकावें.

सरकारी बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीपत्रांतील तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येत नाहीं. म्हणून छत व पॅनेल बसविण्यापूर्वीं प्रादेशिक परिवहन कार्यालयांत विचारून जें उत्तर मिळेल तें लेखी घ्यावें. मालमोटारीच्या हौद्यांत माणसें बसवून प्रवास करूं नये. आंतील बाकें मुक्कामासाठीं आहेत, रस्त्यासाठीं नव्हेत.

शेवटचा शब्द

किंमती आम्हीं मुद्दाम दिल्या नाहींत. भाव बदलतात, मापें बदलत नाहींत. ज्यांस ही जोडणी करावयाची असेल त्यांनीं आधीं आठ दिवस एक वही घालावी. डाव्या पानावर खर्चाचे वॅट-तास लिहावे, उजव्या पानावर आपल्या मुलुखांतील सर्वांत वाईट महिन्याचें उत्पन्न लिहावें, आणि दोन्ही पानें जुळलीं म्हणजे मगच दुकानाची पायरी चढावी. बिजागरीपाशीं मात्र वही मिटून हातानें हिसका देऊन पाहावा. जी बांधणी दोन माणसांच्या ओढीनें हलत नाहीं, तिच्याच सावलींत लेकरांस जेवावयास बसवावें.